गावातलं जुनं मीटिंगहाउस दुरुस्त करायला टॅक्सचे पैसे द्यायचे का? मार्चमध्ये मत द्यायचंय

थंडीत_कुडकुडे

नमस्कार मंडळी. अमेरिकेत न्यू हॅम्पशायर राज्याच्या दक्षिणेला एका बारक्या गावात आम्ही तीन वर्षांपूर्वी घर घेतलं. गाव म्हणजे अगदी गावच, एक जनरल स्टोअर, एक लायब्ररी जी आठवड्यातनं तीनच दिवस उघडी, फायर स्टेशन, आणि मधल्या हिरवळीवर एक पांढरं लाकडी घर, वर मनोरा, मनोऱ्यात घंटा. मी इतके दिवस त्याला चर्चच समजत होतो. गावातले लोक मात्र मीटिंगहाउस म्हणतात आणि चर्च म्हटलं की लगेच दुरुस्त करतात.

मागच्या वर्षी सिटिझन झालो त्यामुळे यंदा पहिल्यांदा टाउन मीटिंगला, म्हणजे गावसभेला, हात वर करायचा हक्क आलाय, आणि पहिल्याच फटक्यात वॉरंटवर (सभेच्या विषयपत्रिकेला इथे वॉरंट म्हणतात) विषय काय, तर ह्या घराच्या दुरुस्तीला तीन लाख ऐंशी हजार डॉलर. आता ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी, ह्या राज्यात पगारावर इन्कम टॅक्स नाही, सेल्स टॅक्स नाही, म्हणून जे काही उकळायचं ते प्रॉपर्टी टॅक्समधनं उकळतात. बायको म्हणते आपण देवळात दक्षिणा टाकताना चार वेळा विचार करतो आणि इथे दुसऱ्याच्या देवाच्या घराला सक्तीची वर्गणी?

पण मागच्या शनिवारी कमिटीनं घर बघायला उघडलं होतं तेव्हा लेकीला घेऊन गेलो आणि गडबड झाली, म्हणजे माझ्या मनात. आत बाकडी नाहीत, लाकडी चौकोनी खोके आहेत, प्रत्येकाला छोटं दार, दाराला हातानं घडवलेली बिजागरी आणि रंगवलेला नंबर. म्हशीच्या गोठ्यातल्या गाळ्यांसारखं दिसतं, खोटं कशाला बोलू. एका खोक्याच्या फळीवर कुण्या कंटाळलेल्या पोरानं चाकूनं जहाज कोरलंय, शिडं दोरखंडांसकट. माझी लेक त्याच्यासमोरून हलेना. मग कमिटीतल्या एका आजोबांनी मला बाहेर नेलं, गुडघ्यावर बसले, खिशातनं स्क्रूड्रायव्हर काढला आणि भिंतीखालच्या आडव्या तुळईत टोचला. मुठीपर्यंत आत गेला. केकमध्ये सुरी घालावी तसा. माझ्याकडे बघून काहीच बोलले नाहीत, स्क्रूड्रायव्हर पुसला आणि खिशात ठेवला.

तर प्रश्न असा, ह्यात सरकारी पैसा टाकणं बरोबर आहे का, एवढा खर्च खरंच येतो का, आणि आपण काल आलेली माणसं, आपण तिथे उठून काही बोलावं का गप्प बसावं? इथे कुणी असल्या भानगडीत पडलंय का?

खडूस_काका

सरळ नाही म्हणा. आमच्या गावात असंच एक सुरू झालं, आधी छप्पर, मग मनोरा, मग रंग, मग म्हणे आग विझवायचे स्प्रिंकलर. पांढरा हत्ती आहे आणि रंग पण पांढराच. वर्षातनं दोन लग्नं आणि एक ख्रिसमसचा कार्यक्रम ह्यासाठी एवढा पैसा? शाळेचा बॉयलर कधीही बंद पडेल अशी अवस्था, त्याच्यासाठी मात्र वर्गणी कुणी काढत नाही. ज्यांना भक्ती आहे त्यांनी करावं.

पाईकवरची_प्राजक्ता

काका, भक्तीचा इथे संबंध सगळ्यात कमी आहे. मी मॅसॅच्युसेट्समध्ये गावाच्या हिस्टॉरिकल कमिशनवर पाच वर्षं आहे (बिनपगारी, रात्री नऊपर्यंत मीटिंगा, नवरा वैतागलाय) त्यामुळे थोडं सांगते.

ही घरं चर्च म्हणून नाही, गावाचं घर म्हणून बांधली गेली. त्या काळी न्यू इंग्लंडमध्ये (म्हणजे ही आपली अमेरिकेच्या ईशान्येकडची राज्यं) गाव वसवायची सनद मिळाली की मीटिंगहाउस बांधायचं आणि पाद्री नेमायचा ही अटच असायची, खर्च गावाच्या करातनं. रविवारी प्रवचन, मार्चमध्ये त्याच खोलीत गावसभा, रस्ते कुणी दुरुस्त करायचे, मोकाट डुकरांचं काय करायचं सगळं तिथेच. आपल्याकडे ग्रामपंचायत मारुतीच्या देवळात भरायची ना, साधारण तसं समजा. आणि ते गोठ्यातले गाळे म्हणालात ते बॉक्स प्यू, ते लिलावानं विकून बांधकामाचा पैसा उभा करायचे. चक्क खरेदीखत व्हायचं त्यांचं, बाप मेला की मुलाच्या नावावर. नंबर त्यासाठी. चढा भाव द्यायचा तो पुढे बसायचा, म्हणजे गावात कोण कुठल्या पायरीवर ते दर रविवारी सगळ्यांना दिसायचं.

न्यू हॅम्पशायरमध्ये १८१९ साली टॉलरेशन ॲक्ट आला आणि पाद्र्याच्या पगारासाठी सगळ्यांवर कर बसवणं बंद झालं. (आमच्याकडे उशिरा, १८३३ ला.) त्यानंतर भाविक मंडळी हळूहळू आपापली वेगळी चर्च बांधून निघून गेली आणि ही मोठी घरं गावाच्या गळ्यात राहिली. कुठे टाउन हॉल झालं, कुठे मधे मजला टाकून दोन भाग केले, कुठे शाळा, कुठे सरळ मोडून लाकूड विकलं. व्हरमाँटमधलं रॉकिंगहॅमचं बघा एकदा, १७८७ ला सुरू करून १८०१ ला पुरं झालं, १८३९ नंतर नेमानं प्रार्थना होईना, १८६९ नंतर गावसभा पण दुसरीकडे. मग तीसेक वर्षं वाऱ्यावर, काचा फोडल्या, लोक आठवण म्हणून लाकडाचे तुकडे उचलून न्यायचे. १९०६ साली गावकऱ्यांनी पैसे जमवून दुरुस्त केलं म्हणून आज उभं आहे आणि आता नॅशनल हिस्टॉरिक लँडमार्क आहे.

आता पैशाचं. आमच्याकडे कम्युनिटी प्रिझर्व्हेशन ॲक्ट आहे, गावानं ठरवलं तर प्रॉपर्टी टॅक्सवर तीन टक्क्यांपर्यंत अधिभार लावून तो पैसा जुन्या इमारती, मोकळ्या जमिनी, परवडणारी घरं ह्यावर खर्चता येतो. ॲक्टन नावाच्या गावानं त्यातला पैसा एका चालू चर्चच्या रंगीत काचांच्या खिडक्यांना द्यायचं ठरवलं, काही नागरिक कोर्टात गेले, आणि २०१८ मध्ये राज्याच्या सर्वोच्च कोर्टानं त्या खिडक्यांचा पैसा अडवला. कारण काचांवर धार्मिक चित्रं आणि चर्च चालू, म्हणजे करातनं धर्माला मदत. त्यामुळे वहिनींची शंका अजिबात खुळी नाही, कोर्टानं हाच प्रश्न घासून बघितलाय. तुमचं राज्य वेगळं, कायदा वेगळा, पण पहिली गोष्ट करायची ती ही की काउंटीच्या रजिस्ट्रीत जाऊन घर कुणाच्या नावावर आहे ते बघा. गावाच्या नावावर असेल तर ते गावाचं घर, टाउन हॉलचं छप्पर दुरुस्त करण्यासारखं. चर्चच्या नावावर असेल तर गोष्ट वेगळी. आणि कधी कधी घर चर्चचं पण मनोऱ्यातलं घड्याळ गावाचं असा पण प्रकार असतो, हसू नका, खरंच असतो.

थंडीत_कुडकुडे

प्राजक्ताताई भारीच. बघितलं, घर पूर्ण गावाच्या नावावर आहे. चर्चवाले उन्हाळ्यात चार रविवार भाडं भरून वापरतात म्हणे. बायकोला दाखवलं, ती म्हणाली बरं मग निम्मा राग मागे घेते.

रंधा_आणि_पटाशी

मी स्ट्रक्चरल इंजिनिअर, व्हरमाँटमध्ये जुनी धान्याची कोठारं आणि असली घरं बघतो, मूळ गाव सांगली. आकडा बघून घाबरू नका आणि आकड्यावर विश्वास पण ठेवू नका, आधी तो फुटलाय कसा ते मागा. माझा अंदाज, त्यातला अर्धा मनोरा आणि रंगाचा असणार कारण लोकांना ते दिसतं. तुमच्या आजोबांनी दाखवलं ते कुणाला दिसत नाही आणि खरं दुखणं तेच.

ह्या घरांचा सांगाडा म्हणजे जाडजूड तुळया, एकाला खाच दुसऱ्याला जीभ, आरपार लाकडी खुंटी, खिळा नाही. सगळा डोलारा दगडी पायावर ठेवलेल्या त्या खालच्या तुळईवर, तिला इथे सिल म्हणतात. दोनशे वर्षांत होतं काय की पानं कुजून, रस्ता वाढून, फुलझाडांच्या हौसेनं भोवतीची माती चढत जाते आणि सिलला टेकते. वर छपराला पन्हळ नाही, बर्फ आणि पाणी थेट खाली पडून भिंतीवर उडतं. म्हणजे तुळई वर्षाचे बारा महिने ओल्या मातीत. त्यात कुणी शहाण्यानं बाहेरून व्हिनिल साइडिंग (प्लास्टिकच्या पट्ट्या) ठोकलं असेल किंवा भिंतीत फोम मारला असेल तर आतली ओल बाहेर पडायचा रस्ता पण बंद. लाकूड म्हातारं होऊन मरत नाही हो, गुदमरून मरतं.

उपाय बोअरिंग आहे. माती फूटभर खाली उतरवा, छपराच्या धारेखाली चर खणून त्यात खडी भरा, पाणी लांब न्या. मग जॅक लावून घर किंचित उचलायचं, किंचित म्हणजे रोज पाव इंच वगैरे, लाकूड कुरकुरतं त्याला वेळ द्यायचा, आणि सडलेला भाग तेवढाच कापून तिथे नवीन ओकचा तुकडा त्याच पद्धतीनं सांधायचा. आख्खी तुळई बदलायची गरज क्वचित. घाई केली की वरचं प्लास्टर फुटतं, ते प्लास्टर चुन्याचं, आत जनावराचे केस घातलेले असतात, तसं परत करणारे कारागीर मोजके. सरकारच्या इंटिरिअर खात्याची जुन्या वास्तूंसाठी जी स्टँडर्ड्स आहेत त्यांचा सगळा रोखच हा, बदलण्यापेक्षा दुरुस्त करा, आणि ग्रँट घ्यायची तर ती पाळावी लागतात.

दुसरं, वर माळ्यावर जाऊन बघायला सांगा. मनोरे बऱ्याच ठिकाणी घर बांधल्यावर वीस-तीस वर्षांनी फॅशन आली म्हणून चढवलेत, त्याचं वजन छपराच्या ज्या कैचीवर येतं ती त्या वजनासाठी बनवलेलीच नव्हती. ती वाकली असेल तर खालून छत पोटासारखं सुटलेलं दिसतं. माझ्या एका कामात मनोऱ्याच्या पायाशी पाणी झिरपून तुळईचा टेकू इतका कुजला होता की घंटा नुसत्या सवयीनं वर राहिली होती, मी तिथून हळूच पाय मागे घेतला आणि खाली येऊन आधी चहा मागितला. (वटवाघळं असतील तर उन्हाळ्यात हाकलू नका, पिल्लं असतात आणि बऱ्याच जातींना संरक्षण आहे.)

ग्रँटचं म्हणाल तर तुमच्या राज्यात जुन्या वास्तू आणि जमिनी जपायला एलचिप म्हणून सरकारी फंड आहे, २००० सालापासून, रजिस्ट्रीत खत नोंदवताना जो जादाचा पंचवीस डॉलर आकार घेतात त्यातनं चालतो. म्हणजे घर घेताना तुम्ही पण भरलाय! पण ते बरोबरीचा वाटा मागतात, तुमचा एक डॉलर तर त्यांचा एक. त्यामुळे गावानं काहीच दिलं नाही तर बाहेरून पण काही येत नाही, हे मीटिंगमध्ये कुणीतरी सांगायला हवं. गाड्यांच्या मागे मूसचं चित्र असलेल्या नंबरप्लेट दिसतात ना, त्या जादा पैशातनं पण सरकारी मालकीच्या जुन्या वास्तूंना छोट्या ग्रँट मिळतात. आणि सगळ्याच्या आधी एक नीट बिल्डिंग असेसमेंट करून घ्या, ज्यात कुठलं काम ह्या वर्षी आणि कुठलं दहा वर्षांनी चालेल ते लिहिलेलं असेल. त्याशिवाय तीन लाख ऐंशी हजार हा आकडा म्हणजे वऱ्हाड किती येणार ते विचारायच्या आधीच जेवणाचं कंत्राट.

नगरची_पोर

धागा वाचून राहवलं नाही. मी नगर जिल्ह्यातली (अहिल्यानगर म्हणायची अजून सवय नाही), आता नोकरीसाठी पुण्यात. आमचं घराणं मिशनच्या काळापासून ख्रिस्ती, आणि तुमच्या त्या पांढऱ्या घरांशी आमचं नातं आहे, सांगते कसं.

असल्या मीटिंगहाउसमध्ये जमणाऱ्या न्यू इंग्लंडच्या काँग्रिगेशनल पंथाच्या मंडळींनी १८१० साली मॅसॅच्युसेट्समध्ये मिशन बोर्ड काढलं आणि १८१३ मध्ये गॉर्डन हॉल नावाचे मिशनरी आणि सोबती मुंबईत उतरले, तीच अमेरिकन मराठी मिशन. नगरला १८३१ पासून. मिशनचं ‘ज्ञानोदय’ नियतकालिक १८४२ ला नगरातच निघालं. आणि दादा, तुमच्या राज्याच्या दक्षिणेला मार्लबरो नावाचं गाव आहे बघा, तिथली सिंथिया फरार. १८२७ साली ही बाई एकटी, लग्न न झालेली, बोटीनं मुंबईला आली, नंतर नगरला मुलींच्या शाळा चालवल्या आणि १८६२ ला नगरातच गेली. जोतीराव फुल्यांनी नगरला येऊन तिच्या मुलींच्या शाळा बघितल्या होत्या आणि मग १८४८ ला पुण्यात भिडे वाड्यात शाळा काढली. सावित्रीबाई शिकवायचं शिकायला तिच्याकडे होत्या असं आमच्याकडे शाळेत पण सांगतात. तर ती पोरगी असताना असल्याच एखाद्या गाळ्यात बसून, पाय गारठून, तासन्‌तास प्रवचन ऐकत मोठी झाली असणार.

आता आमच्या गावातल्या चर्चचं. ताशीव दगड, चुन्यातलं बांधकाम, वर मंगलोरी कौलं, आतून सागाची कैची. बाहेर चप्पल काढून, आत सतरंजीवर मांडी घालून उपासना, पेटी आणि डफावर भजनं, मनोरा बिनोरा नाही, घंटा कडुलिंबाला टांगलेली. पंधराएक वर्षांपूर्वी देणगी आली आणि कंत्राटदारानं आतून-बाहेरून सिमेंटचं प्लास्टर मारून ऑइलपेंट दिला. उद्घाटनाला सगळे खूश, चकचकीत. तिसऱ्या पावसाळ्यात भिंतीला कंबरेइतकी ओल, रंगाचे फुगे, हात लावला की पापड पडतो. रंधा दादा म्हणतात तेच, भिंतीला श्वास घेता येईना. शेवटी एक म्हातारे गवंडी मिळाले ज्यांनी तरुणपणी घाणीत चुना मळलेला, त्यांनी आठवडाभर चुना भिजत घातला, सुरखी, गुळाचं पाणी, बेलफळाचा रस, आणि सिमेंट छिन्नीनं काढून एका भिंतीला करून दाखवलं. ती भिंत आज कोरडी आहे. बाकीच्या तीन भिंतींचे पैसे जमतायत, दर रविवारी डब्यात थोडे थोडे.

आणि जतन म्हणजे काय ते आपल्याकडे कधीकधी असं असतं: भिडे वाडा. इतकी वर्षं खटले, भाडेकरू, पडझड. शेवटी सुप्रीम कोर्टापर्यंत जाऊन २०२३ च्या डिसेंबरात महापालिकेनं ताब्यात घेतला आणि पाडला. तिथे स्मारक होणार आहे, होऊ दे, चांगलंच आहे. पण ज्या पायऱ्या त्या पहिल्या पोरी चढल्या त्या आता नाहीत. मी त्या रस्त्यानं जाते तेव्हा मान वळते, सवयीनं.

खडूस_काका

ताई तुमचं पटलं, डब्यातले पैसे पटले. माझा विरोध सक्तीला आहे. तरी पण कुडकुडे, एक मान्य करतो, मालकी गावाची असेल तर पडलं तरी पाडायचा आणि मलबा उचलायचा खर्च गावावरच. तो आकडा पण विचारा. शिशाचा रंग असणार त्यावर, तो मलबा साध्या कचऱ्यात घेत नाहीत.

पाईकवरची_प्राजक्ता

काका फितूर झाले 😄

कुडकुडे, बोलायचं का ह्यावर, बोला. टाउन मीटिंगमध्ये मांडलेला आकडा तिथल्या तिथे दुरुस्ती मांडून कमी करता येतो. मॉडरेटरला (सभा चालवणाऱ्याला) लेखी द्यावी लागते, आधी एक कागद लिहून खिशात ठेवा. काल आलेलं कुणी नसतं. जाफ्री गाव तुमच्या जवळच असेल, तिथलं मीटिंगहाउस १७७५ चं, स्वातंत्र्ययुद्धातल्या बंकर हिलच्या लढाईच्या दिवशीच सांगाडा उभा केला आणि तोफा ऐकू आल्या असं म्हणतात. त्याच्या मागच्या जुन्या दफनभूमीत अमोस फॉर्च्यून आहे, गुलाम म्हणून ह्या देशात आणलेला माणूस, साठीच्या आसपास स्वतःचं स्वातंत्र्य विकत घेतलं, मग जाफ्रीला येऊन कातडी कमावायचा धंदा केला, १८०१ ला गेला तेव्हा गावच्या शाळेसाठी पैसे ठेवून गेला. दर उन्हाळ्यात त्या मीटिंगहाउसमध्ये त्याच्या नावानं व्याख्यानं असतात, एकदा लेकीला घेऊन जा.

थंडीत_कुडकुडे

मंडळी, अपडेट. गेल्या शनिवारी झाली मीटिंग, शाळेच्या जिममध्ये, पाच तास. मतदानाला हिरवी कार्डं. आधी पाऊण तास फायर ट्रकवर भांडले, मग आपला विषय. आकडा फोड करून मागितला होता तो आला, रंधासाहेब तुम्ही जिंकलात, निम्म्याहून जास्त मनोरा आणि रंग. मी उठलो, पाय लटपटत होते, माझा ॲक्सेंट मलाच विचित्र ऐकू येत होता. म्हटलं मनोरा थांबू शकतो, सिल थांबू शकत नाही, तेव्हा ह्या वर्षी असेसमेंट, माती उतरवणं, सिल आणि छपराची गळती एवढंच करू आणि एलचिपला अर्ज करू, एक लाख दहा हजार. कागद मॉडरेटरला दिला. एका बाईंनी विचारलं तुमचा काय संबंध ह्या घराशी, म्हणजे वाईट सुरात नाही, खरंच कुतूहलानं. मी सिंथिया फरारचं सांगितलं, मार्लबरोची मुलगी आणि आमच्याकडच्या मुलींच्या शाळा. जिममध्ये एकालाही माहीत नव्हतं. मार्लबरोहून लग्न करून आलेल्या एक आजी होत्या, त्यांना पण नाही. दोन मिनिटं सगळे गप्प, मग मागनं कुणीतरी ओरडलं, ‘मत घ्या आता, पाय अवघडले.’

मंजूर. कार्डं मोजावी लागली, फरक एकवीसचा. बायकोनं कार्ड वर केलं का ते मी बघितलं नाही आणि विचारलं पण नाही.

आता नवीन लफडं, मला कमिटीत घेतलंय. खिडक्या माझ्याकडे, वरखाली वीस-वीस काचा, एकेका खिडकीत चाळीस, आणि काच धरून ठेवणारी पुटी सगळी सुकून तडकलीय. आजोबा म्हणतात मे महिन्यात दोन खिडक्या उतरवून कोठारात नेऊ आणि शिकवतो. रंधासाहेब, जुनी पुटी काढायला हीट गन चालेल का? आजोबा नको म्हणतात, वाफेच्या पेटीत ठेवायचं म्हणतात, पण कारण विचारलं की नुसता स्क्रूड्रायव्हर दाखवतात.

रंधा_आणि_पटाशी

आजोबांचं ऐका. हीट गननं जुन्या काचा तडकतात, त्या लाटा लाटा दिसणाऱ्या काचा परत मिळत नाहीत, आणि तापलेल्या शिशाच्या रंगाची वाफ नाकात जाते ते वेगळंच. वाफेची पेटी साध्या प्लायवूडची बनते, वॉलपेपर काढायचं स्टीमर जोडायचं, तासाभरात पुटी लोण्यासारखी निघते. लेकीला त्या कामापासून लांब ठेवा, तिला जहाजाचं चित्र काढायला बसवा. माप पाठवा खिडकीचं, पेटीचं ड्रॉइंग काढून देतो.